शाबासकी आणि जाब

बुऱ्हाणपूरचं रेल्वे स्टेशन लालबागेत आहे. गाडीतून उतरलेल्या माणसाला आधी लालबाग भेटते, मग रिक्षा करून परकोटाच्या आतलं शहर. ताप्ती मिलही इथलीच. २०२०च्या टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच. डोंगराच्या बाजूला कुंडी भंडारा, म्हणजे १६१५च्या सुमारास बांधलेली, सातपुड्याचं पाणी जमिनीखालून शहराकडे आणणारी मोगलांची योजना. या सगळ्याच्या मधोमध केळीचे ट्रक, पॉवरलूमचा खडखडाट आणि चहाच्या टपरीवर पडलेली दोन भाषांतली वर्तमानपत्रं. इथला मराठी माणूस घरात मराठी बोलतो, बाजारात हिंदी बोलतो आणि पेपर जो हाती लागेल तो वाचतो.

पेपरशी या जिल्ह्याचं नातं केवळ वाचकाचं नाही. लालबागेहून खंडव्याकडे गाडी निघाली की नेपानगर लागतं. वृत्तपत्री कागदाचा देशातला पहिला कारखाना इथला. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. सातपुड्यातल्या सालईचा आणि बांबूचा लगदा व्हायचा, त्याचे रीळ देशभरच्या छापखान्यांत जायचे. मंत्र्याचं भाषण छापलं जायचं ते आमच्या सालईवर, आणि मंत्र्याचं बिंग फुटायचं तेही त्याच सालईवर. २०१६च्या सुमारास उत्पादन बंद पडलं आणि २०२२च्या ऑगस्टात ते पुन्हा सुरू झालं. आता लाकूड नाही, कच्चा माल म्हणजे रद्दी.

रद्दी म्हटलं की मला पुरस्कारांच्या याद्या आठवतात, कारण त्या मी कापून ठेवतो. पत्रकारितेचे पुरस्कार आपल्याकडे कमी नाहीत. रामनाथ गोएंकांच्या नावाचा आहे, स्टेट्समनचा ग्रामीण वार्तांकनासाठी आहे, महिला पत्रकारांसाठी चमेली देवी जैन यांच्या नावाचा आहे, मुंबई प्रेस क्लबचा रेड इंक आहे. दर्पण दिन आला की जिल्ह्याजिल्ह्यांत बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालून शाल-श्रीफळं वाटली जातात, ती वेगळी. मोठ्या पुरस्कारांत विभाग पाडलेले असतात. राजकारण एकीकडे, क्रीडा दुसरीकडे, आरोग्याला एक कप्पा, शेती-पर्यावरणाला दुसरा. शोधपत्रकारितेचा मान अर्थातच वरचा.

लालबागेत बसून पाहिलं तर आरोग्य आणि शेती हे दोन कप्पे दिसतच नाहीत. सकाळी कपाशीवर फवारणी करणारा माणूस संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर दिसतो. तो शेतीच्या पानावर घ्यायचा की आरोग्याच्या? केळीवर कुकुंबर मोझॅकचा रोग आला की बाग उपटून टाकावी लागते, आणि बाग गेली की त्या वर्षी घरातलं ऑपरेशन पुढे ढकललं जातं. पलीकडे जळगाव जिल्ह्यात केळीला हवामानावर आधारित विमा आहे, अलीकडे बुऱ्हाणपूरचा शेतकरी तो मिळावा म्हणून निवेदनं देत राहतो. मधे फक्त राज्याची हद्द. ही विम्याची बातमी दिसते, पण ती आतून आजारपणाचीही बातमी असते.

२०१७ सालचं यवतमाळ आठवा. त्या पावसाळ्यात कपाशी डोक्याएवढी वाढली होती. खांद्यावरचा पंप, वर धरलेला नोझल, फवारा पानावर पडून उरलेला थेट तोंडावर. शेतमजूर भोवळ येऊन पडू लागले, कुणाला दिसेनासं झालं. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ऑर्गनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक शरीरात गेलं की नसांचं काम सुरळीत ठेवणारं कोलिनेस्टरेज नावाचं विकर निकामी होतं. ते किती उरलं आहे हे रक्ताच्या एका तपासणीतून कळतं. ती तपासणी करण्याची सोय त्या वेळी यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात नव्हती. कापसाच्या जिल्ह्यात, जिथे दर हंगामात फवारणी होते तिथे, फवारणीच्या विषाची तपासणी नाही. ही गोष्ट बाहेर आणली ती गावोगाव फिरलेल्या पत्रकारांनी. जयदीप हर्डीकरांनी ग्रामीण वार्तांकनाच्या ‘पारी’ या संकेतस्थळासाठी केलेलं वार्तांकन मी तेव्हा वाचलं होतं. त्यात औषधाच्या नावांइतकंच लक्ष पंपाकडे, कपाशीच्या उंचीकडे आणि मजुरीच्या दराकडे होतं. अपघात म्हणून सोडून दिलेली गोष्ट जबाबदारीच्या प्रश्नापर्यंत नेणं म्हणजे काय, ते तिथे दिसलं.

कीटकनाशकाचा विषय निघाला की मध्य प्रदेशातल्या माणसाचं मन भोपाळला जातंच. १९८४च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री ज्या कारखान्यातून वायू सुटला तो शेतीसाठीच उभा होता. ‘सेव्हिन’ नावाचं कीटकनाशक तिथे बनायचं. कपाशीवरच्या अळीला मारण्यासाठी बनणाऱ्या औषधाच्या पोटातला वायू शहराच्या फुप्फुसात गेला. आणि हे होऊ शकतं असं एका माणसाने आधीच छापून ठेवलं होतं.

राजकुमार केसवानी हे त्यांचं नाव. ‘रपट’ नावाचं छोटं साप्ताहिक ते भोपाळात काढत. १९८१च्या डिसेंबरात कारखान्यात फॉस्जीनची गळती होऊन त्यांच्या ओळखीचा एक कामगार दगावला आणि केसवानी कारखान्याच्या मागे लागले. ते रसायनशास्त्राचे पदवीधर नव्हते. कामगारांना भेटत, पुस्तकं चाळत, विचारत राहिले. कंपनीच्या अमेरिकी तज्ज्ञांनी १९८२ मध्ये केलेल्या सुरक्षा तपासणीचा अहवाल त्यांनी मिळवला. कारखान्यात काय काय ढिलं आहे ते कंपनीच्याच कागदावर लिहिलेलं होतं. १९८२च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांनी ‘रपट’मध्ये लागोपाठ लेख छापले. भोपाळ ज्वालामुखीच्या तोंडावर बसलं आहे, असा त्यातल्या एकाचा मथळा होता. कुणी हललं नाही. त्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, १९८४च्या जूनमध्ये ‘जनसत्ता’त पुन्हा लिहिलं. सहा महिन्यांनी ती रात्र आली.

१९८५ मध्ये केसवानींना उत्कृष्ट पत्रकारितेसाठीचा बी. डी. गोएंका पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये प्रेम भाटिया पुरस्कार मिळाला. त्याच २०१० सालच्या जूनमध्ये भोपाळच्या न्यायालयाने कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोषी ठरवून दोन वर्षांची शिक्षा दिली, आणि त्याच दिवशी त्यांना जामीनही मिळाला. कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा २०२५च्या जानेवारीत भोपाळहून पीथमपूरला हलवला गेला, दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी. केसवानी तोवर गेले होते. २०२१च्या मे महिन्यात कोरोनाच्या लाटेने त्यांना नेलं. या तारखा एकाखाली एक मांडल्या की हिशेब स्पष्ट होतो. लिहिणाऱ्याला शाबासकी वर्षभरात मिळाली. ज्यांनी जाब द्यायचा त्यांनी पाव शतक घेतलं, आणि मग दिलाही तो असा.

पुरस्काराची घाई आणि उत्तराची दिरंगाई यांची ही जोडी काही नवी नाही. १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण मूत्रपिंड निकामी होऊन मेले. ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं. ते उद्योगात वापरायचं रसायन, औषधात त्याला जागाच नाही. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदी समितीपासून औषध प्रशासनापर्यंत आणि तिथून मंत्रालयापर्यंतची साखळी उघडी केली. महिनोन्‌महिने त्या सुनावण्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर होत्या, आणि आरोग्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. आता २०२५चा सप्टेंबर-ऑक्टोबर. छिंदवाड्याच्या परासियात साध्या सर्दी-खोकल्याची मुलं खोकल्याचं सिरप पिऊन मूत्रपिंड निकामी होऊन गेली. कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला हलवलं होतं. तमिळनाडूत बनलेल्या कोल्ड्रिफ नावाच्या त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, प्रमाण ४८.६ टक्के. जास्तीत जास्त ०.१ टक्का चालतं. वीसपेक्षा जास्त मुलं गेली. रसायन तेच, अवयव तोच, प्रश्न तोच: कच्चा माल तपासायचं काम कुणाचं होतं? दोन घटनांत जवळजवळ चाळीस वर्षांचं अंतर आहे, आणि या काळात औषधांवरच्या बातम्यांना पुरस्कार मिळाले नाहीत असं कुणी म्हणणार नाही.

मागे वळून पाहिलं तर मराठीत शेती-आरोग्यावरच्या या लिखाणाची परंपरा जुनी आहे आणि तिची बक्षिसं वेगळीच आहेत. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. पाटबंधारे खातं, सावकार, कचेरीतले कारकून यांनी शेतकऱ्याला कसं लुटलं याचा तो जबाबच होता. ‘दीनबंधू’ने त्याचे पहिले दोन भाग छापले आणि पुढे हात आखडता घेतला. जोतीरावांच्या चळवळीचंच पत्र, संपादक नारायण मेघाजी लोखंडे त्यांचे सहकारी, तरीही. सरकारची धास्ती ही अशी घरातही शिरते. १८९६च्या दुष्काळात टिळकांच्या ‘केसरी’ने शेतकऱ्यांना सरकारचाच फॅमिन कोड समजावून सांगितला: पीक बुडालं तर सारा माफ करून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे, तो मागा. सार्वजनिक सभेची माणसं गावोगाव फिरली. दुसऱ्या वर्षी पुण्यात प्लेग आला आणि प्लेग कमिटीच्या झडत्यांवर ‘केसरी’ तुटून पडला. शेती आणि आरोग्य, लागोपाठच्या दोन वर्षांत, एकाच पत्रात. १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. खटला कागदोपत्री शिवरायांवर छापलेल्या मजकुराचा होता, पण त्यामागचा राग कशाचा होता हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. आज त्याच टिळकांच्या नावाने सरकार पत्रकारांना जीवनगौरव देतं. टिळकांना हे पाहून काय वाटलं असतं, याचा अंदाज मी करत नाही.

मुकुंदराव पाटलांचं ‘दीनमित्र’ तर शहरात नव्हतंच. नगर जिल्ह्यातल्या नेवाशाजवळच्या तरवडी या खेड्यातून १९१० पासून त्यांनी ते साप्ताहिक पन्नासहून अधिक वर्षं चालवलं. आमच्याकडे खंडव्यात माखनलाल चतुर्वेदींचं ‘कर्मवीर’ होतं. दमोह जिल्ह्यात जन्मलेले मराठी माधवराव सप्रे हिंदी पत्रकारितेचे पितामह ठरले, आणि भोपाळचं वृत्तपत्र संग्रहालय त्यांच्याच नावाने उभं आहे. शेतकऱ्याची बाजू छापायला राजधानीची परवानगी लागत नाही, हा धडा या मंडळींनी घालून दिला.

पण सरकारने पुरस्कार द्यावा आणि पत्रकाराने तो घ्यावा का? ग्रामीण भारतावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांचं म्हणणं मला पटतं. पत्रकार हा सरकारचा बाहेरचा लेखापरीक्षक आहे, म्हणून ज्या सरकारवर लिहायचं त्याच्याकडून मान घ्यायचा नाही, अशी त्यांची भूमिका आहे. त्यांनी पद्म सन्मान नाकारला, आंध्र सरकारचा जीवनगौरवही नाकारला. २००७चा मॅगसेसे त्यांनी स्वीकारला, कारण तो कुठल्या सरकारचा नव्हता. जावयाने सासऱ्याच्या दुकानाचा हिशेब तपासावा आणि दिवाळीचा आहेरही घ्यावा, मग त्या हिशेबावर गाव किती विश्वास ठेवील?

साईनाथांच्या बाबतीत एक गोष्ट पुरस्कारांच्या गर्दीत झाकली जाते. त्यांना सगळ्यात उपयोगी पडलं ते १९९३ मध्ये मिळालेलं पाठ्यवृत्तीचं पाठबळ. त्या आधारावर ते देशातल्या सगळ्यात गरीब जिल्ह्यांत हिंडले. त्यांत आमच्या राज्यातला झाबुआ होता, तेव्हा मध्य प्रदेशात असलेला सरगुजा होता. त्यातून ‘एव्हरीबडी लव्ह्ज अ गुड ड्रॉट’ हे पुस्तक १९९६ मध्ये आलं. म्हणजे आधी पैसा आणि वेळ मिळाला, मग काम झालं, मग मान मिळाले. आपल्याकडे क्रम बहुतेकदा उलटा असतो. ज्याने स्वतःच्या पेट्रोलवर काम केलं त्याला शेवटी चषक मिळतो, आणि पुढच्या बातमीसाठी पेट्रोल पुन्हा स्वतःचंच.

लालबागेतल्या एका वार्ताहराला मी बरीच वर्षं ओळखतो. नाव सांगत नाही, कारण त्याला इथेच राहायचं आहे. त्याच्या पत्राकडून त्याला मिळतं ते मानधन. तेही बातमीमागे आणि थोडंच. बाकीची कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी, वर्धापनदिन. या चार मोसमांत त्याने शुभेच्छांच्या जाहिराती गोळा करायच्या. जाहिराती देणार कोण? सरपंच, सहकारी सोसायटीचे अध्यक्ष, खतं-औषधांचे दुकानदार आणि खाजगी दवाखाने. शेतीची आणि आरोग्याची खरी बातमी जिथे दडलेली असते नेमकी तीच दारं. तो मला एकदा म्हणाला, “काका, बातमी छापून आणणं काही अवघड नाही. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात जाहिरातीचे पैसे मागायला जायचं, ते अवघड.” त्याच्याकडे शाळकरी पोरांची असते तशी एक वही आहे. त्यात स्वतःच्या बातम्यांची कात्रणं चिकटवलेली, शेजारी तारीख, आणि उजवीकडे उभी रेघ मारून एक रकाना: ‘पुढे काय झालं’. हापशाला लाल पाणी येतं. पुढे काय झालं? एक्स्पायरी उलटलेलं कीटकनाशक विकलं. पुढे काय झालं? उपकेंद्राला कुलूप असतं. पुढे काय झालं? पानंच्या पानं उलटली तरी उजवी बाजू जवळजवळ मोकळी आहे.

हा वार्ताहर कुठल्याही पुरस्काराला अर्ज करत नाही. अर्जाबरोबर सगळी कात्रणं, संपादकाचं पत्र, बातमीच्या परिणामाचा पुरावा जोडावा लागतो, काही ठिकाणी इंग्रजीत सारांशही. परिणामाचा पुरावा कुठून आणायचा, रकानाच मोकळा असताना? दिल्ली-मुंबईहून मोठा पत्रकार येतो तेव्हा हाच त्याला मोटारसायकलवर मागे बसवून गावात नेतो, माणसं भेटवतो, बोली समजावतो. छापून येताना तो ‘स्थानिक सूत्रं’ होतो. पुरस्काराच्या व्यासपीठावर सूत्रांना खुर्ची नसते.

पुरस्कार निरुपयोगी आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. चित्रकूटच्या ‘खबर लहरिया’तल्या बायांना २००४ मध्ये चमेली देवी पुरस्कार मिळाला, तेव्हा पंचायतीच्या कचेरीत त्यांच्याशी बोलण्याचा सूर बदलला असणार. भिंतीवर चौकट टांगलेली असली की तहसीलदार खुर्ची पुढे सरकवतो, हे आपण सगळेच ओळखतो. जीवाला धोका असतो तिथे नावाला वजन असणं म्हणजे थोडं चिलखतच. २०१५ मध्ये व्यापमं घोटाळ्याच्या, म्हणजे डॉक्टर व्हायच्या जागा विकल्या जाण्याच्या बातमीसाठी आलेला अक्षय सिंह हा पत्रकार झाबुआ जिल्ह्यात मुलाखतीसाठी गेला असताना कोसळला आणि गेला. मृत्यू कशाने झाला यावर खूप लिहिलं गेलं. त्यानंतर तपास सीबीआयकडे गेला. आरोग्याची बातमी सौम्य असते, हा गैरसमज व्यापमंने कायमचा घालवला.

माझा आक्षेप निराळा आहे. पुरस्कार बातमी छापली त्या दिवसापाशी थांबतो आणि जबाबदारी त्या दिवशी सुरू होते. सरहद्दीपलीकडचं मेळघाट पाहा. बुऱ्हाणपूरहून अमरावतीच्या रस्त्याला लागलं की धारणी येतं. तिथली बालकं कुपोषणाने जातात हे १९९३ मध्ये गाजलं. शीला बारसे या पत्रकार नुसतं लिहून थांबल्या नाहीत, तो प्रश्न घेऊन उच्च न्यायालयात गेल्या. त्याआधी महिला कैद्यांच्या प्रश्नावर त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला होता आणि १९८३ मध्ये निकालही मिळवला होता. २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. गावागावांत जाऊन मुलांचे मृत्यू मोजले आणि सरकारी नोंदींत ते कसे गळतात ते दाखवलं. मोजणं हेच शोधकाम ठरलं. बारसे असोत की बंग, त्यांनी उजवीकडचा रकाना भरायचा प्रयत्न केला म्हणून त्यांचं काम टिकलं.

बीडची गोष्ट ताजी आहे. २०१९च्या एप्रिलमध्ये राधेश्याम जाधव यांनी ‘बिझनेसलाइन’मध्ये ऊसतोड कामगार बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याची बातमी दिली. पाळी आली की खाडा, खाडा झाला की मुकादमाचा दंड, मग डॉक्टरने दाखवलेला ‘कायमचा’ उपाय. शेतीतली मजुरी आणि दवाखान्यातली सुरी एकाच साखळीत होती. बातमीनंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. बीडमध्ये खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. रकान्यात एक ओळ भरली. पण २०२४च्या मार्चमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने याच उसाच्या फडांवर पुन्हा सविस्तर लिहिलं तेव्हा उचल, बालविवाह, शस्त्रक्रिया हे सगळं तिथेच होतं. पहिल्या बातमीला शाबासकी, दुसऱ्या बातमीला शाबासकी, आणि मधल्या पाच वर्षांचा जाब कुणाला विचारायचा हे ठरलेलं नाही.

आता आमच्याच जिल्ह्यावर येतो. २०२२च्या जुलैत बुऱ्हाणपूर हा ‘हर घर जल’चं प्रमाणपत्र मिळवणारा देशातला पहिला जिल्हा ठरला. २५४ गावं, १,०१,९०५ घरं. योजना सुरू झाली तेव्हा यातल्या ३७,२४१ घरांतच नळ होते. ज्या जिल्ह्यात चारशे वर्षांपूर्वीची पाणीयोजना अजून पाणी देते त्याला हा मान मिळाला याचा मला आनंद झाला. या प्रमाणपत्राची रीतही चांगली आहे: काम झाल्याचं खात्याने म्हणून भागत नाही, ग्रामसभेने ठराव करावा लागतो. म्हणजे जाब विचारण्याची जागा त्या रीतीतच ठेवलेली आहे. पण ठराव त्या वर्षीचा असतो आणि नळ रोजचा. आज त्या नळाला किती वेळ पाणी येतं, उन्हाळ्यात काय होतं, हे विचारायला ग्रामसभा पुन्हा बसते का? त्याच वर्षी मध्य प्रदेशच्या महालेखापालांनी बालकांच्या पोषण आहाराची वाहतूक तपासली होती. ज्या गाड्यांतून टनावारी आहार नेल्याचं कागदावर होतं त्यांतल्या काहींचे नंबर मोटारसायकलींचे, रिक्षांचे निघाले. महालेखापालांनी पाहिला तो फक्त गाडीचा नंबर. शोध म्हणजे अनेकदा एवढंच असतं, कागदावरचा आकडा घेऊन रस्त्यावर जाऊन उभं राहणं. प्रमाणपत्र देणारे पुष्कळ आहेत. ते दुसऱ्या वर्षी पुन्हा पाहणारे हवेत.

म्हणून पुरस्कार देणाऱ्या संस्थांना एक सुचवावंसं वाटतं. दरवर्षी नवी नावं जाहीर कराच, पण पाच वर्षांपूर्वी ज्या बातमीला मान दिला तिचं पुढे काय झालं, हेही त्याच व्यासपीठावरून वाचून दाखवा. संबंधित खात्याकडून लेखी उत्तर मागवा. आलं तर छापा, नाही आलं तर आलं नाही असं छापा. त्या वार्तांकनात ज्या स्थानिक वार्ताहराचा हात होता त्याचं नाव मोठ्या नावाच्या शेजारी घ्या आणि बक्षिसाच्या रकमेत त्याचा वाटा ठेवा. जमलं तर निम्मा निधी चषकांऐवजी आधीच, कामासाठी म्हणून, तालुक्यातल्या पत्रकारांना द्या. सरकारांनी पत्रकारांना पुरस्कार देणं थांबवावं. त्याऐवजी त्यांच्या बातम्यांना उत्तरं द्यावीत, तेवढा सन्मान पुरेसा आहे.

आणि वाचकहो, आपलं काम फक्त हळहळण्याचं नाही. तुमच्या गावच्या दवाखान्यावर, बियाण्यावर, विम्यावर, नळावर बातमी आली तर ती कापून ठेवा, तारीख घाला. वर्षाने माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मिळालेलं उत्तर त्या बातमी देणाऱ्या वार्ताहराच्या हातात नेऊन द्या. त्याला दिल्लीचा पुरस्कार मिळेल न मिळेल, त्याची बातमी अर्ध्यावर सुटणार नाही.